जेनेटिक्स / ड्रग डिस्कव्हरीच्या लॅबमधलं काम नेमकं कसं असतं? पीएचडी की नोकरी?

वणीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

एमएस्सी बायोटेक, शेवटचं सेम, पुण्यात. गाव वणीकडे, यवतमाळ जिल्हा. जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) लागलंय आणि त्याच आठवड्यात हिंजवडीतल्या एका सीआरओची (दुसऱ्या कंपन्यांचं संशोधन करून देणारी कंपनी) ऑफर पण आलीय, इन-विट्रो बायोलॉजी, म्हणजे शरीराबाहेर प्लेटमध्ये करायचे प्रयोग, असं पोस्टचं नाव आहे. दोन्हीकडून लवकर कळवा म्हणतात. घरी सांगितलं तर आईने विचारलं लॅबमध्ये म्हणजे रक्त तपासायच्या का गं, आणि बाबा म्हणाले अजून पाच-सहा वर्षं शिकणार मग कमवणार कधी. दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही कारण खरं सांगायचं तर मलाच माहीत नाहीये की तिथे लोक दिवसभर काय करतात. कॉलेजमध्ये प्रॅक्टिकल म्हणजे सरांनी करून दाखवलेलं आधीच माहीत असलेलं उत्तर, जेल चालवला बँड दिसला की सही. रिसर्च तसं नसणार एवढं कळतं.

मला जेनेटिक्स आवडतं आणि त्यातून औषध कसं निघतं ते बघायचंय. आमच्याकडे सिकलसेलचे (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होतात तो जन्मजात आजार) पेशंट घरोघरी आहेत, शाळेत माझ्या बाकावरची मुलगी महिन्यातून आठवडाभर यायचीच नाही. तेव्हापासून डोक्यात आहे. पण आवड वेगळी आणि रोजचं काम वेगळं, म्हणून जे प्रत्यक्ष करतात त्यांनी सांगा ना. गोड गोड नको.

---

पिपेट_बहाद्दर

अभिनंदन आधी, जेआरएफ लागणं सोपं नाही.

मी पुण्यातच एका सरकारी संस्थेत पीएचडी करतोय, शेवटाकडे आलोय असं गेल्या वर्षीपासून सगळ्यांना सांगतोय. दिवस कसा असतो तर सकाळी आल्या आल्या इनक्युबेटर उघडून सेल्स बघायच्या. घरी म्हैस असली की लग्नाला सुद्धा मुक्कामी जाता येत नाही तसंच आहे हे, रविवार असो दिवाळी असो सेल्सना मीडिया लागतो आणि भरगच्च वाढल्या की पॅसेज करावाच लागतो, म्हणजे थोड्या काढून नव्या डिशमध्ये टाकायच्या. मग हूडमध्ये (जंतू येऊ न देणारं कपाट) बसायचं, पीसीआर लावायचा (डीएनएच्या कॉपीज वाढवायच्या), वेस्टर्न चालवायचा (प्रोटीन आहे का ते बघायचं), मधल्या वेळात काल जे चाललं नाही ते का चाललं नाही यावर डोकं लावायचं. बहुतेक वेळ या शेवटच्या गोष्टीतच जातो.

उदाहरण देतो म्हणजे अंदाज येईल. माझ्या प्रोजेक्टमध्ये एक जीन क्रिस्परने (डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र) बंद करायचा होता. पुस्तकात काय, गाइड आरएनए (कुठे कापायचं तो पत्ता) डिझाइन करा, कॅस९ (कापणारी कात्री) सोबत सेलमध्ये टाका, जीन कापला जातो, संपलं. प्रत्यक्षात एचईके२९३ सेल्स (लॅबमध्ये सर्रास वाढवतात त्या माणसाच्या) घेतल्या तर त्यांच्यात क्रोमोसोम ४६ नसतातच, साठीच्या पुढे असतात, म्हणजे बऱ्याच जीन्सच्या दोनऐवजी तीन कॉपीज. तिन्ही तुटल्या तर खरा नॉकआउट. एक शिल्लक राहिली तरी प्रोटीन बनत राहतं आणि तुम्ही बसता विचार करत की या जीनचा काही परिणामच नाही की काय. म्हणून एकेक सेल वेगळी करून तिच्यापासून क्लोन वाढवायचे, त्यात आठवडे जातात, मग प्रत्येक क्लोनचं सिक्वेन्सिंग. आणि एवढं करून मायकोप्लाझ्मा (एक बारका जिवाणू) निघाला की सगळं ब्लीचमध्ये. मायको साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, मीडिया गढूळ होत नाही, सेल्स मरत पण नाहीत, नुसत्या वेगळं वागायला लागतात. दर महिन्याला टेस्ट न करणारी लॅब असेल तर तिथून लांब राहा, हा माझा फुकटचा सल्ला.

प्रायमर (पीसीआरला लागणारे डीएनएचे तुकडे) बंगळुरूहून दोन-चार दिवसांत येतात, तो भाग मस्त झालाय आता. पण बाहेरून येणारी अँटीबॉडी कस्टममध्ये अडकली की गेली, ड्राय आइस उडून गेलेला असतो, बॉक्स उघडल्यावर कोमट. परत ऑर्डर, परत कोटेशन, परत परचेस कमिटी. फेलोशिपचं म्हणाल तर २०२३ पासून जेआरएफ ३७ हजार आणि नंतरच्या वर्षांची एसआरएफ ४२ हजार आहे, एचआरए वेगळा, कागदावर बरंय. हातात दर महिन्याला पडेलच असं नाही, आमच्याकडे महिनोन्महिने थांबून एकदम येते, तोवर उसनवारी. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव.

तरी सोडलं नाही अजून. कधीतरी रात्री डार्करूममध्ये एखादा वेस्टर्नचा ब्लॉट असा येतो की हे आत्ता जगात फक्त मला माहितीये असं वाटतं. दुसऱ्या दिवशी रिपीट केल्यावर तो येत नाही ते सोडा.

---

हिंजवडीकर

@वणीवाली, दुसरी बाजू मी सांगतो, सीआरओत आहे, तुला ऑफर आलीय तसल्याच पोस्टवरून सुरुवात केली होती.

सीआरओ म्हणजे बाहेरच्या कंपन्यांचं संशोधन आपण करून द्यायचं. क्लायंट अमेरिकेत नाहीतर युरोपात. कंपाउंड कोडनंबर लावून येतं, आत काय स्ट्रक्चर आहे ते कधी कळतं कधी नाही. आपण अ‍ॅसे लावतो. अशी चाचणी म्हणजे ३८४ खड्ड्यांची प्लेट, प्रत्येक खड्ड्यात सेल्स किंवा एन्झाइम, वरून कंपाउंडचे उतरत्या क्रमाने डोस, डीएमएसओ (कंपाउंड विरघळवायचं द्रव) सगळीकडे सारखा, मग रीडरमध्ये टाकून कर्व्ह काढायचा, निम्मा परिणाम कुठल्या कॉन्सन्ट्रेशनला मिळतो तो आकडा म्हणजे आयसी५०. हा आकडा घेऊन केमिस्ट नवीन रेणू बनवतो, परत आपल्याकडे टेस्ट, परत नवा रेणू, असं चक्र आठवड्या-आठवड्याने फिरत राहतं. सोबत दुसऱ्या टीम्स बघत असतात की लिव्हरच्या मायक्रोसोममध्ये (औषध मोडणारी एन्झाइम असलेला पेशींचा अर्क) रेणू टिकतो का, हृदयातलं हर्ग चॅनल अडवतो का (तो अडवला तर हृदयाचे ठोके बिघडतात, टर्फेनाडिन नावाची अ‍ॅलर्जीची चांगली चालणारी गोळी त्यापायीच नव्वदच्या दशकात बाजारातून गेली). एका जागी छान आणि बाकी चार जागी नापास असे रेणू ढिगाने बघशील.

इथे शिकायला काय मिळतं तर शिस्त. प्लेटवर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोलमध्ये फरक पुरेसा आहे का यासाठी झेड-प्राइम काढतात, ०.५ च्या वर असेल तरच त्या प्लेटचा डेटा धरायचा, नाहीतर कितीही सुंदर कर्व्ह असू दे, प्लेट रद्द. पीएचडीवाल्यांना राग येईल पण कॉलेजच्या लॅबमध्ये तीन खड्डे लावून दोन जुळले की खूश होणारे लोक मी पाहिलेत. नोटबुकवर त्याच दिवशी सही, दुसऱ्याची साक्ष, खाडाखोड असेल तर एक रेघ मारून तारीख. पहिले सहा महिने वैताग येतो, नंतर दुसरं काही चालतच नाही.

वाईट काय तर प्रश्न तुझा नसतो. क्लायंटने प्रोग्रॅम बंद केला की शुक्रवारी मेल येतो, सोमवारी दुसरं टार्गेट. का बंद केला ते सांगतीलच असं नाही. आणि पेपर विसर, सगळं गोपनीय. पीएचडी नसेल तर एका पायरीनंतर वर जायला त्रास होतो हे पण खरं, आमच्याकडे ग्रुप लीडर सगळे डॉक्टरेट.

अजून एक, लोक विचारतात आपल्याकडे एवढ्या फार्मा कंपन्या तरी डिस्कव्हरी बायोलॉजीच्या जागा इतक्या कमी का. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळायचं. त्यामुळे आपले केमिस्ट तोच रेणू वेगळ्या रस्त्याने स्वस्तात बनवण्यात पटाईत झाले, जगभर जेनेरिक गेली. २००५ ला रेणूवरचं पेटंट परत आलं तेव्हा कुठे नवीन रेणू शोधण्याला धंद्याच्या दृष्टीने अर्थ आला. झायडसचं सॅरोग्लिटाझार २०१३ मध्ये मंजूर झालं, इथेच शोधलेला रेणू, पण अशी नावं बोटावर मोजण्याइतकी. म्हणून केमिस्टला शंभर जागा आणि बायोलॉजिस्टला दहा. चित्र बदलतंय पण सावकाश.

---

खवट_काका

वाचून करमणूक झाली. तात्पर्य असं की सरकारच्या पैशाने शिकायचं, गोऱ्यांच्या प्लेटा भरायच्या आणि शेवटी बोस्टनला जायचं. आपल्या घरात हळद आहे, हजारो वर्षं सिद्ध झालेली, तिच्यावर कोणी काम करत नाही कारण पेटंट मिळत नाही. बाकी चालू द्या.

---

हिंजवडीकर

काका हळदीवर काम झालं नाही असं नाही हो, उलट इतकं झालंय की विचारू नका. हळदीतलं कर्क्युमिन स्क्रीनिंगच्या प्लेटवर टाकलं की जवळजवळ प्रत्येक अ‍ॅसेमध्ये हिट येतं. कॅन्सरमध्ये पण, अल्झायमरमध्ये पण. आम्हाला तिथेच शंका येते. ते स्वतः चमकतं म्हणून रीडर फसतो, प्रोटीनला वाटेल तिथे चिकटतं, पाण्यात गोळे करतं, आणि पोटातून रक्तात फारसं जातच नाही. असल्या फसव्या रेणूंना पेन्स म्हणतात, २०१० मध्ये त्यांची पद्धतशीर यादीच निघाली. २०१७ मध्ये एका मेडिसिनल केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये कर्क्युमिनचा सगळा हिशोब मांडला, तोवर १२० च्या वर क्लिनिकल ट्रायल झाल्या होत्या आणि प्लासिबोसमोर (औषध नसलेली खोटी गोळी) नीट घेतलेली एकही यशस्वी निघाली नव्हती. भाजीत घाला, रीडरमध्ये चमकतं म्हणून औषध होत नाही.

---

खवट_काका

ठीक. भाजीत घालतो.

---

चार्ल्सकाठी

बोस्टनचं नाव निघालं म्हणून आलो :) काका, मी तोच गेलेला. मूळचा साताऱ्याचा, इकडे एका बायोटेकमध्ये टार्गेट व्हॅलिडेशन करतो (औषधाने ज्या प्रोटीनला धरायचं ते बरोबर निवडलंय का ते तपासायचं), म्हणजे नेमकं जेनेटिक्स आणि औषध जिथे भेटतात तिथे. त्यामुळे जरा लांबण लावतो, वेळ नसेल त्यांनी पुढे जा.

मानवी चाचणीत उतरलेल्या दहापैकी साधारण नऊ औषधं बाजारापर्यंत पोहोचत नाहीत. बरीचशी रेणू वाईट म्हणून पडत नाहीत, आपण चुकीचं प्रोटीन पकडलेलं असतं. उंदरात चालतं, माणसात चालत नाही. इथे जेनेटिक्स कामाला येतं कारण निसर्गाने काही माणसांवर तो प्रयोग आधीच केलेला असतो.

पीसीएसके९ या जीनची गोष्ट सगळे सांगतात पण सांगण्यासारखीच आहे. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल प्रचंड होतं, पॅरिसच्या गटाला त्यांच्यात या जीनचं जरा जास्तच जोमाने काम करणारं म्युटेशन सापडलं, प्रोटीन त्याच सुमारास मॉन्ट्रियलमध्ये हाती लागलं होतं. मग डॅलसच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला, जोम जास्त झाल्यावर कोलेस्टेरॉल वाढतं तर जीन मोडकाच असलेली माणसं आहेत का? होती. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांत साधारण २ टक्के. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की अशा लोकांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २८ टक्के कमी आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. आणि माणसं ठणठणीत. म्हणजे हे प्रोटीन अडवलं तर फायदा होईल आणि आयुष्यभर अडवलं तरी नुकसान दिसत नाही, दोन्ही उत्तरं औषध बनायच्या आधीच हातात. २०१५ मध्ये दोन अँटीबॉडी औषधं मंजूर झाली. जीन ते इंजेक्शन बारा वर्षं, आमच्या धंद्यात हे धावतपळत म्हणायचं.

आता उलटी गोष्ट. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ते वाढवलं की हृदय वाचेल अशी सगळ्यांची समजूत. फायझरचं टॉरसेट्रापिब एचडीएल झकास वाढवायचं. १५ हजार लोकांवर ट्रायल, डिसेंबर २००६ मध्ये मध्येच थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. त्या रेणूचा रक्तदाबावर वेगळा परिणाम होता ते आहेच, पण २०१२ मध्ये जेनेटिक्सवाल्यांनी तपासलं की ज्यांचं एचडीएल जन्मजातच जास्त आहे त्यांना हार्ट अ‍ॅटॅक कमी येतो का, तर तसं काही दिसलं नाही. एचडीएल नुसतं सोबत दिसत होतं, काम दुसरंच कोणी करत होतं.

पण म्हणून जेनेटिक्स मिळालं की काम फत्ते असं समजू नकोस, तिथेही घोडं अडतं. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, हातात सुरी खुपसायचा, निखाऱ्यावर चालायचा, वेदना म्हणजे काय माहीतच नव्हतं. संशोधक त्याला भेटायच्या आधीच तो छतावरून उडी मारून गेला, चौदा पूर्ण नव्हते. त्याच्या नात्यातल्या कुटुंबांवरून २००६ मध्ये कळलं की त्यांच्यात एनएव्ही १.७ नावाचं सोडियम चॅनल (वेदनेचा संदेश पुढे नेणारं पेशीचं दार) बंद आहे. जगातली प्रत्येक मोठी कंपनी मागे लागली, व्यसन न लावणारं पेनकिलर. वीस वर्षं होत आली, १.७ चं औषध नाही. शरीरात असली नऊ चॅनल आहेत, सगळी एकमेकांसारखी, १.५ हृदयात आहे, चुकून ते अडवलं की संपलं. आणि जन्मापासून चॅनल नसणं आणि चाळिशीत गोळी घेऊन थोडा वेळ अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत वेदनेचं जे नवीन औषध मंजूर झालं ते शेजारच्या १.८ वर.

तरी आकडा बघायचा तर २०२४ मध्ये नेचरमध्ये आलं होतं, ज्या टार्गेटला मानवी जेनेटिक्सचा आधार आहे त्याची यशाची शक्यता २.६ पट. पट बघून हुरळू नकोस, मूळ आकडा इतका बारका आहे की अडीच पट होऊनही बहुतेक पडतातच.

मुद्दा असा की या कामात तुझ्या हातून वर्षभरात जे निघतं ते बहुतेक 'हे टार्गेट नको' असंच असतं. आणि ते लवकर, पुराव्यासकट सांगणं हेच कामाचं फळ आहे, कंपनीत त्याचीच किंमत असते. पीएचडीत मात्र नुसत्या 'नको'वर पेपर निघत नाही, तिथे काहीतरी 'आहे' दाखवावं लागतं, आणि मग लोक ओढूनताणून दाखवतात. तुझा स्वभाव कुठला ते बघ. कोणी तुझी आवडती कल्पना मोडली तर तुला दोन दिवस राग येतो की कुतूहल वाटतं, एवढं जरी प्रामाणिकपणे कळलं तरी पुरे.

---

डेटावाला

एक राहिलं. पायथन शीक किंवा आर, आत्ताच, सुट्टीत. वेट लॅबवाल्यांना (हातात पिपेट घेऊन काम करणाऱ्यांना) आता सिक्वेन्सिंगचा डेटा स्वतः उघडता आला नाही तर दर वेळी माझ्यासारख्याच्या दाराशी यावं लागतं आणि मी आधीच बावीस जणांचं करतोय. अल्फाफोल्ड (प्रोटीनचा आकार ओळखणारं एआय) बनवणाऱ्यांना २०२४ चं नोबेल मिळाल्यापासून लोकांना वाटतं पिपेट गेलंच आता. स्ट्रक्चर कळलं म्हणजे रेणू शरीरात जाऊन काय करेल ते कळलं असं नाही. पण फक्त पिपेट येतं असे लोक पण मागे पडणार.

---

पिपेट_बहाद्दर

+१. आणि डेटावाल्या, माझी फाइल बघितलीस का रे?

---

डेटावाला

तू तेविसावा.

---

वणीवाली

बापरे, एवढं सगळं! तीनदा वाचलं. चार्ल्सकाठी दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले म्हणजे हे लोक चूक शोधायचा पगार घेतात होय :D

राग की कुतूहल, खरं सांगू तर आधी राग येतो, मग कुतूहल. चालेल का?

सिकलसेलवर कोणी बोललं नाही. त्याचा जीन तर कधीचा माहिती आहे ना, एकच अक्षर बदललंय, मग इतकी वर्षं औषध का नाही? आणि त्यावर काम करायचं तर कुठे?

---

डॉक्टरीणबाई_नागपूर

रक्ताच्या आजारांची ओपीडी बघते, सिकलसेलचे पेशंट रोजचेच, म्हणून लिहिते. तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे बाळा आणि तो ओपीडीत पेशंटचे आईवडील पण विचारतात, वेगळ्या शब्दात.

१९४९ मध्येच पॉलिंगने हा रेणूचा आजार आहे असं दाखवलं, १९५७ मध्ये इन्ग्रॅमने सांगितलं की बीटा ग्लोबिनमध्ये ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन आलंय. कारण कळून सत्तर वर्षं होत आली. पण ते प्रोटीन प्रत्येक लाल पेशीत ठासून भरलेलं असतं, हिमोग्लोबिन म्हणजे काय चिमूटभर असतं का, त्याला गोळीने दुरुस्त करणं सोपं नाही. वर हा आजार गरिबांचा, इकडे आदिवासी आणि दलित वस्त्यांचा, तिकडे आफ्रिकेचा. पैसा कोण लावणार होतं.

जे चाललं ते आडवाटेने चाललं. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन असतं, एचबीएफ, जन्मल्यावर ते बंद होतं. ज्यांचं पूर्ण बंद होत नाही त्यांना त्रास कमी. हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं कॅन्सरचं स्वस्त औषध एचबीएफ वाढवतं, आज माझ्या पेशंटना जे काही बरं वाटतं ते मुख्यतः त्यानेच. २००८ मध्ये कळलं की एचबीएफ बंद करणारा कर्मचारी म्हणजे बीसीएल११ए हा जीन. त्याला लाल पेशींत चालू ठेवणारा भाग रक्ताच्या मूळ पेशींमध्ये क्रिस्परने निकामी करायचा, हीच ती कॅसजेव्ही थेरपी, २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि मग अमेरिकेत मंजूर झाली. किंमत २२ लाख डॉलर, त्याआधी कडक केमो देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची, महिनोन्महिने मोठ्या हॉस्पिटलात. यवतमाळच्या झरी-जामणीच्या पेशंटला मी हे कोणत्या तोंडाने सांगू.

आणि चार्ल्सकाठींनी एचडीएलचं सांगितलं तसंच आमच्यात पण झालं. व्होक्सेलोटॉर नावाची गोळी २०१९ मध्ये मंजूर झाली, हिमोग्लोबिनचा आकडा वाढवायची, रिपोर्ट छान दिसायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझरने जगभरातून परत घेतली, ती घेणाऱ्यांत वेदनेचे अटॅक आणि मृत्यू जास्त दिसत होते. रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि पेशंट सुधारणं यात अंतर असतं हे तू लॅबमध्ये बसून विसरू नकोस एवढंच.

कुठे काम करायचं: मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजीची (रक्ताच्या आजारांची) संस्था आहे, त्यांचं चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र आहे, म्हणजे तुझ्या घरापासून जवळच. दिल्लीत आयजीआयबी या जीनोमिक्सच्या सरकारी संस्थेत सिकलसेलच्या जीन एडिटिंगवर काम चाललंय, कोविडमध्ये फेलुदा टेस्ट केली तोच गट. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून कार-टी थेरपी इथेच बनवून ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळवली, बाहेरच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात, तो कॅन्सर आहे पण पेशी काढून बदलून परत द्यायच्या हे तंत्र तेच, त्यामुळे आपल्याकडे होणारच नाही असं आता म्हणवत नाही.

---

चार्ल्सकाठी

डॉक्टरीणबाई, फार छान. एक जोडतो. बीसीएल११ए सारख्या प्रोटीनला गोळीने धरायला खाच नसते म्हणून वर्षानुवर्षं ते नाद सोडण्यासारखं समजलं जायचं. आता त्याला अडवण्याऐवजी पेशीच्याच कचरापेटीत ढकलणारे रेणू येतायत. २०२४ मध्ये सायन्समध्ये नोव्हार्टिसच्या गटाने विझ नावाच्या दुसऱ्या एका प्रोटीनला असं ढकलून उंदीर आणि माकडांत एचबीएफ वाढवून दाखवलं. माणसात काय होईल ते पुढचं पुढे, पण दोन रुपयाला नाही तरी गोळीच्या रूपात हे कधीतरी वणीला पोचू शकेल असा हा रस्ता आहे. आणि वणीवाली, हे जेनेटिक्स, सेल्स, अ‍ॅसे आणि केमिस्ट्री सगळं एकत्र लागणारं काम आहे, म्हणजे तू विचारत होतीस तेच. आधी राग मग कुतूहल चालेल, माझं पण तसंच आहे.

---

हिंजवडीकर

माझं मत ती पीएचडीच करावी असं झालंय आता, ऑफर माझ्या बाजूची असून सुद्धा. जिच्या डोक्यात आधीच एक आजार घर करून बसलाय तिला क्लायंटचे कोडनंबर फार दिवस पुरणार नाहीत. घरची पैशाची अडचण खरी असेल तर मात्र वर्षभर नोकरी कर, हात बसेल, मग जा. फक्त फेलोशिपची मुदत किती राहते ते पत्र उघडून नीट बघ, त्यावर बसून राहू नकोस. बाँड आहे का ऑफरमध्ये?

---

वणीवाली

बाँड आहे, दोन वर्षं. म्हणजे मुदत पण निघून जाईल बहुतेक. बाबांशी आज बोलले, ते म्हणाले घरचं मी बघतो, तू चंद्रपूर-मुंबईवाल्यांना मेल टाक. आई अजूनही रक्त तपासण्यावरच आहे, आणि सिकलसेलचं म्हटल्यावर ते पूर्ण चूक पण नाही म्हणा.

गाइडला भेटायला जाईन तेव्हा काय विचारू?

---

पिपेट_बहाद्दर

गाइडला कमी विचार, लॅबमधल्या पोरांना जास्त. गाइड चहा पाजतील आणि व्हिजन सांगतील. पोरांना कँटीनमध्ये गाठ आणि विचार: याआधीच्या लोकांना डिग्रीला किती वर्षं लागली आणि ते आता कुठे आहेत, मध्येच सोडून कोणी गेलं का आणि का, फेलोशिप संपल्यावर शेवटचं वर्षं कोणी पोसलं, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं. पेशंटचे सॅम्पल लागणार असतील तर एथिक्सची मंजुरी हातात आहे का 'येईल' आहे, कारण 'येईल'मध्ये वर्ष जातं. तुमचा निगेटिव्ह डेटा लॅब मीटिंगला दाखवला की काय होतं हे नक्की विचार आणि उत्तर देताना ते एकमेकांकडे बघतात का ते बघ.

आणि मायको टेस्ट कधी केली होती शेवटची, हे पण.

---

वणीवाली

लिहून घेतलं सगळं. मेल टाकलाय दोन ठिकाणी, उत्तर आलं की इथेच कळवते. डेटावाला दादा, आर की पायथन, एकच सांगा.

---

डेटावाला

आर. सिक्वेन्सिंगच्या डेटाची बरीच हत्यारं त्यातच आहेत. पायथन नंतर. आणि एक्सेलमध्ये जीनची यादी उघडू नकोस कधी, मार्च१ नावाच्या जीनची ते तारीख करून टाकतं, त्यापायी २०२० मध्ये जीन्सची नावंच बदलावी लागली लोकांना. ही थाप नाही, खरंच.